शितावरून भाताची परीक्षा होते, जबड्याची नाही

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलिपुरम रस्त्यालगत सिरुसेरी वसले आहे. सिपकॉटच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे हे नाव देशभर पोहोचले. त्याच परिसरात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. सी. एस. शेषाद्री यांच्या नेतृत्वाखाली १९८९ मध्ये सुरू झालेली ही संस्था २००५ मध्ये सिरुसेरीच्या आवारात आली. येथून थोडे दक्षिणेला केळंबाक्कम लागते, आणि तेथून पश्चिमेकडे वळणारा रस्ता वंडलूरला जातो. वंडलूरच्या अरिग्नर अण्णा प्राणिसंग्रहालयात सिंहपुच्छ माकडे आहेत, निलगिरी वानरे आहेत. एका टोकाला गणना, दुसऱ्या टोकाला ज्यांच्या हाडांवर ती गणना करता येईल असे प्राणी, आणि मध्ये तासाभराचाही प्रवास नाही. तरीही भारतीय विज्ञानात ही दोन टोके क्वचितच एकमेकांना भेटतात. या न भेटण्याची किंमत किती मोठी आहे, हे समजून घेण्यासाठी माकडाच्या खालच्या जबड्याइतके चांगले उदाहरण सापडणे अवघड.

जबड्याचे हाड म्हणजे एकाच साच्यातून ओतलेली वस्तू, असा आपला सहज समज असतो. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात पोलादी पट्टीला ताठरतेचा एकच आकडा लावतात. तो सुमारे २०० गिगापास्कल. पट्टी डावीकडून तपासा वा उजवीकडून, उभी वा आडवी, आकडा बदलत नाही. हाडाचे तसे नाही. टोपल्या विणणाऱ्या कारागिराला बांबूची कांब कोणत्या दिशेने वाकते आणि कोणत्या दिशेने चिरफळते हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. सुतारही फळीचा धागा पाहूनच रंधा मारतो. जबड्याच्या बाहेरच्या घट्ट थरालाही असाच धागा असतो. हनुवटीपासून दाढांकडे जाणाऱ्या लांबीच्या दिशेने तो सर्वांत ताठर असतो; आडव्या दिशेने आणि जाडीच्या दिशेने ती ताठरता पुष्कळ कमी भरते. मानवी जबड्यात लांबीच्या दिशेचा आकडा २० गिगापास्कलच्या आसपास किंवा त्याहून थोडा वर जातो, तर जाडीच्या दिशेने तो निम्म्याच्या जवळपास उतरू शकतो. हा झाला दिशेचा भेद. त्याखेरीज जागेचाही भेद आहे. जिभेकडची बाजू आणि गालाकडची बाजू, दातांच्या मुळांभोवतीचा काठ आणि जबड्याचा तळ, हनुवटीचा भाग आणि कानाजवळचा भाग, यांत एकच एक आकडा चालत नाही.

हा भेद उगाच आलेला नाही. हाड ही जिवंत ऊती आहे. जुने हाड विरघळते, नवे घातले जाते. नव्याने घातलेल्या हाडात खनिजाचा भरणा पुरता झालेला नसतो, म्हणून ते तुलनेने मऊ असते. वय वाढते तसे खनिज वाढते आणि ताठरताही वाढते. दातांभोवतीच्या हाडाची अशी उलाढाल तळाच्या हाडापेक्षा वेगाने चालते. त्यात सूक्ष्म छिद्रांचे प्रमाण, कोलॅजन तंतूंचा कल आणि हाडातील नळीसारख्या रचनांची मांडणी यांची भर पडते. म्हणजे जबड्याच्या प्रत्येक जागेची ताठरता ही त्या जागेच्या इतिहासाची नोंद असते.

आणि ताठरता म्हणजे बळकटी, हेही खरे नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन करी यांनी १९७९ मध्ये तीन हाडांची तुलना प्रसिद्ध केली: हरणाचे शिंग, गायीच्या मांडीचे हाड आणि देवमाशाच्या कानातील हाड. शिंगाची ताठरता सुमारे ७ गिगापास्कल, मांडीच्या हाडाची सुमारे १३, कानाच्या हाडाची ३० च्या वर. पण तडा जाण्यापूर्वी ऊर्जा पचवण्याची शक्ती नेमकी उलट्या क्रमाने होती. झुंजीत आपटणारे शिंग लवचिक आणि चिवट. ज्याच्यावर कधी आघात व्हायचाच नाही असे कानाचे हाड ताठर आणि ठिसूळ. खनिज वाढवले की ताठरता मिळते, पण चिवटपणा गमवावा लागतो. जबड्याला दोन्ही हवे असते, म्हणून तो जागोजागी वेगवेगळी तडजोड करतो. या तडजोडींची सरासरी काढून मिळणारा आकडा जबड्यातील कोणत्याच जागेचा नसण्याची शक्यता मोठी.

मग हे मोजायचे कसे? येथे माकडांचा प्रवेश होतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल्यम हायलँडर यांनी १९७० च्या दशकापासून जिवंत माकडांच्या जबड्यावर विकृतिमापक पट्ट्या बसवून चावताना हाड किती ताणले जाते, किती दबते, किती पिळले जाते याच्या नोंदी घेतल्या. माणसाच्या जबड्याच्या हाडावर सरसकट असा प्रयोग करता येत नाही. चावताना हाडात काय घडते याचे बरेचसे ज्ञान या माकडांनीच दिले आहे. त्यातून कळले की घास एका बाजूला चावला तरी दुसरी बाजू स्वस्थ बसत नाही. चावणाऱ्या बाजूला जबडा पिळला जातो, विरुद्ध बाजूला तो उभ्या पातळीत वाकतो, आणि घास चिरडण्याच्या शेवटच्या क्षणी हनुवटीजवळ दोन्ही बाजू बेचक्याच्या फाट्यांसारख्या विलग होऊ पाहतात.

पण येथे एक पेच आहे, आणि संपूर्ण प्रश्न त्या पेचात सामावलेला आहे. पट्टी मोजते ती विकृती, म्हणजे हाडाची लांबी किती बदलली ते. ही विकृती दर हजारी एखाद्या भागाच्या आसपासची असते. हाडावर पडलेला ताण मात्र मोजता येत नाही. तो विकृतीला ताठरतेने गुणून काढावा लागतो. ताठरतेचा आकडा दुप्पट चुकला की ताणाचा आकडाही दुप्पट चुकतो, आणि त्यानंतरची सारी सुबक आकडेमोड ती चूक निष्ठेने पुढे वाहत नेते. म्हणूनच पॉल डिकाऊ आणि हायलँडर यांनी २००० साली माकडाच्या जबड्याची ताठरता ठिकठिकाणी, वेगवेगळ्या दिशांनी, ध्वनिलहरींच्या वेगावरून मोजून प्रसिद्ध केली. हाड जितके ताठर तितकी ध्वनिलहर त्यातून वेगाने जाते. वेगाचा वर्ग आणि घनता यांच्या गुणाकारातून ताठरता मिळते. पुढे २००८ मध्ये अँड्र्यू रॅपॉफ, डेव्हिड डेगलिंग आणि सहकाऱ्यांनी त्याच जातीच्या माकडांच्या जबड्यांवर हिऱ्याच्या सूक्ष्म टोकाने दाब देऊन, उमटलेल्या खुणांवरून, त्याहून बारीक नकाशा काढण्याचा मार्ग धरला. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमधल्या तै जंगलातील पानखाऊ माकडांच्या जबड्यांवरही असे काम झाले.

हे सारे वाचून एक आक्षेप सुचतो, आणि तो हलका नाही. इतक्या बारकाव्याची खरेच गरज आहे काय? संगणकावर जबड्याचा नमुना बांधताना संपूर्ण हाडाला एकच आकडा दिला तर काय बिघडते? डेव्हिड स्ट्रेट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नेमका हाच प्रश्न माकडाच्या कवटीच्या नमुन्यावर विचारला होता. उत्तर प्रामाणिक होते. हाड कोठे अधिक ताणले जाते, कोठे कमी, याची ढोबळ रूपरेषा साध्या नमुन्यातूनही बऱ्यापैकी मिळते. पण प्रत्यक्ष आकड्यांवर निष्कर्ष उभारायचा असेल, तर जागेनुसार आणि दिशेनुसार बदलणारी ताठरता विचारात घेतल्यावरच नमुना वास्तवाच्या जवळ जातो. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सारखा शिजला असेल तरच. तळाला लागलेल्या आणि वर कच्च्या राहिलेल्या भातातले मधले शीत काढून ‘झाला’ म्हणणाऱ्याला जेवणाऱ्यांची क्षमा मागावी लागते.

भारताला तर या चुकीचा धडा जबड्यानेच एकदा दिलेला आहे. १९३२ मध्ये येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस यांना हिमाचलातील हरितल्यांगर येथे वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. दोन वर्षांनी त्यांनी त्याला ‘रामापिथेकस’ असे नाव दिले. पुढे १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी अशा तुकड्यांवरून दातांची कमान माणसासारखी रुंदावत जाणारी असल्याचे मांडले, आणि शिवालिकच्या या प्राण्याला मानवाच्या पूर्वजाचा मान मिळाला. कमानीचा मधला भाग मुळात सापडलेलाच नव्हता. तो कल्पनेने भरला गेला होता. १९६७ मध्ये विन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातील प्रथिनांच्या तुलनेवरून माणूस आणि आफ्रिकी कपी यांची फारकत अवघ्या पन्नास लाख वर्षांपूर्वीची असल्याचे दाखवले, तेव्हा हाडांच्या अभ्यासकांनी ते मानायला नकार दिला. अखेर १९८० मध्ये पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवापिथेकसचा चेहरा सापडला. तो ओरांगउटानच्या चेहऱ्याशी जुळत होता. रामापिथेकस शिवापिथेकसमध्ये विलीन झाला, आणि पिलबीम यांनी आपले मत उघडपणे बदलले. आपल्या मातीतला एक जबडा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत कित्येक वर्षे चुकीच्या जागी बसला होता, कारण जे मोजले नव्हते ते गृहीत धरले होते.

आज तीच चूक तुकड्याऐवजी आकड्याने होऊ शकते, आणि या वेळी तिचे परिणाम पाठ्यपुस्तकापुरते राहणार नाहीत. भारतात तोंडाच्या कर्करोगाचे दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळतात, असा २०२० चा जागतिक अंदाज आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी तंबाखूची सवय सुटलेली नाही. गाल आणि हिरडी यांच्या बेचक्यात, जेथे तंबाखूची गोळी तासन्‌तास ठेवली जाते, तेथे होणारा कर्करोग आपल्याकडे विशेष दिसतो. तो जबड्याच्या हाडाला लवकर भिडतो. मग हाडाचा तुकडा काढावा लागतो. त्या जागी पायातील नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून बसवतात. ही शस्त्रक्रिया १९८९ पासून जगभर रुळली. हे हाड आणि उरलेला जबडा टायटॅनियमच्या पट्टीने आणि स्क्रूंनी जोडले जातात.

आता आकडे पाहावेत. टायटॅनियमची ताठरता सुमारे ११० गिगापास्कल, म्हणजे जबड्याच्या घट्ट हाडाच्या पाचपट किंवा त्याहून अधिक. ताठर पट्टी भार स्वतःकडे ओढून घेते. शेजारच्या हाडाला काम उरत नाही, आणि काम नसलेले हाड झिजते. स्क्रू सैल होतात, कधी पट्टीच थकून मोडते. पट्टी किती जाड असावी, स्क्रू कोठे बसवावा, हे आधीच संगणकावर तपासता येते, आणि तशी तपासणी वाढत चालली आहे. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून जबड्याचा आकार हुबेहूब मिळतो. पण ताठरता? ती स्कॅनमधील करड्या छटांवरून सूत्राने काढली जाते. ही सूत्रे बहुतांशी मांडी-नडगीसारख्या लांब हाडांच्या मोजमापांतून आलेली आहेत, आणि त्यांत दिशेचा हिशेब नसतो. पडद्यावर दिसणारा जबडा त्या रुग्णाचाच असतो. त्यात भरलेली ताठरता मात्र उसनी असते. रंगीत चित्र इतके विश्वासार्ह दिसते की हा उसनेपणा कोणाच्या ध्यानात येत नाही. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा भाकरी चावता यावी, एवढीच अपेक्षा बाळगणाऱ्या माणसाच्या तोंडात तो उसना आकडा जाऊन बसतो.

सिरुसेरीचा प्रश्न येथे परत येतो. गणनेची साधने आपल्याकडे आहेत, माणसेही आहेत. गणित, संगणकशास्त्र आणि विदाविज्ञान शिकलेल्या पिढ्या या रस्त्यावरून दररोज कामाला जातात. जागेनुसार आणि दिशेनुसार बदलणाऱ्या गुणांकांची समीकरणे सोडवणे हे आज कोणाला अशक्य राहिलेले नाही. उणीव आहे ती त्या समीकरणांत घालण्याजोग्या आकड्यांची. जबड्याच्या ताठरतेचे मूळ नकाशे डरहॅम, डॅलस, फ्लोरिडा येथे तयार झाले. तेही मोजक्या प्राण्यांवर. निलगिरी वानर, सिंहपुच्छ माकड, टोपी माकड, हनुमान वानर हे आपल्या दारातले प्राणी. आयआयटी मद्रासच्या आवारात तर टोपी माकडे विद्यार्थ्यांच्या खिडक्यांपर्यंत येतात. पण त्यांच्या जबड्यांचे असे नकाशे आपण हातात घेऊन बसलो आहोत, असे चित्र नाही.

मराठी भाषेने तर या अभ्यासाची पहिली पायरी आधीच ओलांडली आहे. लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे ते वानर, हा भेद खेड्यातले मूलही करते. प्राणिशास्त्रही तोच भेद मानते. माकडाला गालात पिशव्या असतात. हाती लागलेले फळ तो तेथे कोंबतो आणि पुढे सावकाश चावतो. वानराला त्या पिशव्या नाहीत. पण पाने आंबवून पचवणारे कप्प्यांचे पोट आहे, आणि पाने बारीक चिरणाऱ्या धारदार दाढा आहेत. एकाचा जबडा मिश्र आहारावर घडलेला, दुसऱ्याचा चिवट पानांवर. आहार बदलला की जबड्याची ताठरता बदलते काय, की फक्त आकार बदलतो, की दोन्हीही अपेक्षेइतके बदलत नाहीत? आफ्रिकेतील पानखाऊ माकडांच्या अभ्यासात आहार आणि जबडा यांचे समीकरण वाटले तितके सरळ निघाले नाही. एकाच झाडाखाली माकड आणि वानर दोन्ही दिसणाऱ्या देशात या प्रश्नाची दुसरी बाजू तपासता येईल, आणि ती तपासणी इतरत्र इतक्या सहजतेने होणार नाही.

यासाठी एकाही प्राण्याला इजा करण्याची गरज नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. भारताने १९७८ मध्ये प्रयोगांसाठी माकडांची निर्यात थांबवली, तो निर्णय नैतिकदृष्ट्या योग्यच होता. त्या निर्णयाचा अर्थ हाडांकडे पाठ फिरवणे असा मात्र होत नाही. प्राणिसंग्रहालयांत प्राणी वृद्धापकाळाने मरतात. रस्त्यांवर वाहनांखाली आणि विजेच्या तारांवर माकडे-वानरे दगावतात. त्यांचे शवविच्छेदन झाल्यावर जबडा जतन करण्याची, त्याचे स्कॅन करण्याची आणि लहानसा नमुना मोजणीसाठी राखण्याची कायदेशीर, सुटसुटीत वाट असली पाहिजे. ताज्या हाडाचे महत्त्व येथे विशेष आहे, कारण वाळलेले हाड अधिक ताठर होते. संग्रहालयाच्या कपाटातील जुन्या कवट्या आकारासाठी उत्तम असल्या तरी ताठरतेसाठी जपूनच वापराव्या लागतात. पिंजऱ्यातील प्राण्याचा आहार मऊ असतो, त्याचा जबडा रानातल्यासारखा नसेल, ही शंकाही रास्त आहे. रॉबर्ट कोरुचिनी आणि रॉबर्ट बीचर यांनी १९८२ मध्येच मऊ आहारावर वाढवलेल्या माकडांत दातांची जुळणी बिघडते हे दाखवले होते. पण म्हणून मोजणी सोडून देण्यापेक्षा पिंजऱ्यातल्या आणि रानातल्या अशा दोन्ही जबड्यांची मोजणी करून तो फरकच अभ्यासाचा विषय करणे शहाणपणाचे.

महाराष्ट्राजवळही या कामाचा पाया आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राण्यांच्या हाडांचा तुलनात्मक संग्रह अनेक दशकांपासून आहे. उत्खननात सापडलेला तुकडा कोणत्या प्राण्याचा, हे त्याच्या आधारे ठरते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात जबड्याच्या शस्त्रक्रियांचा अनुभव जगात क्वचित कोठे असेल इतका आहे. हाडे ओळखणारे एका शहरात, हाडे जोडणारे दुसऱ्या शहरात, हाडांची समीकरणे सोडवू शकणारे तिसऱ्या शहरात. या तिघांना एका प्रकल्पाखाली आणणे हे प्रयोगशाळेचे काम नसून धोरणाचे काम आहे. त्यासाठी अवाढव्य यंत्र लागत नाही. ध्वनिलहरींचा मापक, सूक्ष्म दाबाचे यंत्र, शीतपेटी, नोंदवही, आणि प्रत्येक आकडा सर्वांना खुला ठेवण्याची शिस्त एवढे पुरेसे आहे.

अडचण अशी की अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाखाली मांडलेल्या प्रकल्पाला बातमी मिळते. ‘शंभर जबड्यांची ताठरता, जागोजागी, दिशेदिशेने’ या शीर्षकाच्या तक्त्याला मिळत नाही. पण नमुना कितीही चतुर असला तरी त्याची खात्री त्यात घातलेल्या मोजमापाच्या पुढे जात नाही. नमुने बदलतील, संगणक बदलतील. नीट मोजलेला आकडा मात्र पन्नास वर्षांनीही उपयोगी पडतो. हायलँडर यांच्या नोंदी आजही वापरल्या जातात, त्यांच्या काळचे संगणक केव्हाच भंगारात गेले.

वंडलूरमध्ये एखादे वृद्ध माकड मरेल, तेव्हा त्याच्याबरोबर एक न वाचलेली नोंद मातीत जाईल किंवा ती सिरुसेरीच्या रस्त्याला लागेल. यातले काय घडावे हे ठरवणे आपल्या हातात आहे, आणि त्याचा खर्च एका मोडलेल्या टायटॅनियम पट्टीमागे रुग्णाने सोसलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा खचितच कमी आहे.